बाळंतिणीच्या खोलीची साल : प्रकल्प नोंदी

१४ नोव्हेंबर २०२४

तुळशीचं लग्न काल उरकलं आणि आज सकाळीच काकांनी गवंड्याला बोलावून घराची मागची बाजू दाखवली. शिमगा झाला की माजघरामागचं सगळं उतरवायचं आणि तिथे स्लॅबच्या दोन खोल्या बांधायच्या, असं ठरलं. बाळंतिणीची खोली त्यात जाते. कुणाला त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत तिथे कुणी बाळंत झालेलं नाही. सगळ्या बाळंतिणी दवाखान्यात गेल्या आणि खोलीत नारळ आले.

तोवर खोली माझ्या ताब्यात द्याल का, असं काकांना विचारलं. "घे, पण आदी नारळ हलय," म्हणाले.

माप घेतलं. आठ बाय दहा फूट, माळ्यापर्यंत उंची साडेसात. दार साडेचार फुटांचं, त्यामुळे आत जाताना प्रत्येकाला वाकावंच लागतं. उजेडाला वीतभर झरोका, तोही डोक्याच्या वर. चिऱ्याच्या भिंती, त्यांवर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचे कोण जाणे किती हात. उत्तरेच्या कोपऱ्यात मोरी. दक्षिणेच्या भिंतीला बाज असायची आणि बाजेखाली शेकाची शेगडी, त्यामुळे ती भिंत खालून काळी आहे.

काम असं: या खोलीची साल काढायची. कापड भिंतीवर चिकटवायचं, त्यावर रबराचा चीक चढवायचा आणि वाळला की सगळं ओढून काढायचं. भिंतीवर जे असेल ते सालीबरोबर येईल.

१९ नोव्हेंबर

पद्धत माझी नाही, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवते. हायडी बुखर या स्विस शिल्पकर्तीची आहे (१९२६–१९९३). सत्तरच्या दशकात त्या अमेरिकेतून परतल्या आणि झुरिकमध्ये एका जुन्या खाटकाच्या दुकानात त्यांनी स्टुडिओ थाटला. तिथल्या तळघरातली मांस थंड ठेवायची खोली ही त्यांनी काढलेली पहिली साल. मग आईवडिलांच्या घरातली फक्त पुरुषांनी बसायची खोली, मग विंटरटूरजवळचं आजोबांचं घर. १९८८ मध्ये त्या क्रॉइत्सलिंगनच्या बेलव्ह्यू मनोरुग्णालयात पोचल्या. ते तेव्हा बंद पडलेलं होतं. त्यांनी तिथल्या डॉक्टर बिन्सवांगरच्या तपासणीच्या खोलीची साल काढली. मानसशास्त्राच्या इतिहासात 'अ‍ॅना ओ.' या नावाने गाजलेली बाई, बेर्टा पापेनहाइम, १८८२ मध्ये याच रुग्णालयात होती. भिंती सोलताना बुखर पूर्ण अंगाचा जोर लावतात, हे त्यांच्या चित्रफितींत दिसतं. साल सुटता सुटत नाही, मग एकदम सुटते आणि त्या तिच्याखाली झाकल्या जातात.

दुसरा रस्ता ब्रिटिश शिल्पकर्ती रेचल व्हाइटरीड यांचा. १९९० चं 'घोस्ट' म्हणजे लंडनच्या एका साध्या घरातल्या खोलीची आतली पोकळी, प्लास्टरमध्ये. १९९३ मध्ये पूर्व लंडनमध्ये ग्रोव्ह रोडवरच्या एका अख्ख्या घराची पोकळी त्यांनी काँक्रीटमध्ये ओतली, त्यावर त्यांना ब्रिटनमधलं कलेचं टर्नर पारितोषिक मिळालं आणि जानेवारी १९९४ मध्ये पालिकेने ते पाडलं. कॉलेजात आम्ही सगळेच त्यांच्यावर लुब्ध होतो, मी अजूनही आहे. पण प्लास्टरला आकार कळतो, मळ कळत नाही. माझ्या खोलीला आकारच काय तो आहे? आठ बाय दहाचा डबा. जे आहे ते काजळी, तेल, कुंकू आणि चुना.

खोलीत एखादं शरीर ठेवावं, म्हणजे माझ्याच पाठीचा साचा वगैरे, असं क्षणभर आलं मनात. नको. शिल्पकार अनिश कपूर यांचं १९९२ चं एक काम आहे, 'व्हेन आय अ‍ॅम प्रेग्नंट'. पांढऱ्या भिंतीला पांढराच फुगवटा. समोरून जवळपास दिसत नाही, बाजूला सरकलं की भिंत पोटुशी. शरीर न दाखवता भिंतीलाच शरीर करून टाकलं. त्यापुढे पाठीचा साचा म्हणजे पहिल्या वर्षाचं काम.

२६ नोव्हेंबर

पहाटे रबराच्या बागेत. दोडामार्गकडे केरळहून येऊन स्थायिक झालेल्या लोकांनी रबर रुजवलं, आता आमच्याकडच्यांच्याही बागा आहेत. कामगार डोक्याला बॅटरी बांधून अंधारातच फिरतात, कारण गारव्यात झाडाच्या आतला दाब जास्त असतो आणि चीक धो धो नाही तरी बरा वाहतो. ऊन वर आलं की धार मंदावते. सालीवर तिरका काप, नखाएवढ्या जाडीचा. खोल गेला तर झाड जखमी होतं आणि तिथे पुन्हा नीट साल धरत नाही. करवंटीत थेंब थेंब पांढरं जमत जातं.

बागवाल्याने सांगितलेलं आणि मी आधी वाचलेलं जुळलं. ताज्या चिकात रबर साधारण एक तृतीयांश, बाकी बहुतेक पाणीच. काही न घालता ठेवला तर जंतू आम्ल तयार करतात आणि दुपारपर्यंत त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून लगेच अमोनिया घालायचा. बाजारात केरळहून येणारा घट्ट केलेला चीक मिळतो, त्यात साठ टक्के रबर. मला दोन्ही लागतील. पहिला हात ताज्या, पातळ चिकाचा, म्हणजे तो बारीक भेगांत उतरेल, आणि वरचे हात घट्ट चिकाचे. चारेक किलो पातळ आणि तीस-पस्तीस किलो घट्ट, असा अंदाज धरला.

अमोनियाने डोळ्यांतून पाणी. काकू म्हणाल्या, घराला गोठ्याचा वास परत आला.

४ डिसेंबर

आभाळ आहे, हवेत दमटपणा. चीक वाळायला पाणी उडायला हवं आणि हवेतच इतकं पाणी आहे की ते जाणार कुठे? थांबले.

आत्याने ट्रंकेतून जुनी धोतरं काढून दिली. धुऊन धुऊन विरलेली, मऊ. दवाखान्यात मिळणारं जाळीचं कापड आणायचा विचार होता, आता तो सोडला. या खोलीतल्या पोरांची दुपटी आणि लंगोट असल्याच कापडाचे असत.

११ डिसेंबर

गोठ्याच्या भिंतीवर तुकडे करून पाहिले. निष्कर्ष:

कापड भिंतीला धरून राहावं म्हणून बुखर माशांपासून केलेला सरस वापरत. मी उकड्या तांदळाची पेज गाळून वापरली. ती कापड धरते आणि मुख्य म्हणजे वाळल्यावर फार हट्टाने धरत नाही. नुसता चीक थेट मातीवर लावला तेव्हा गिलाव्याचा पोपडाच निघून आला, चिरा उघडा पडला. पेजेमुळे तसं होत नाही. वरचा मळ आणि चुन्याचा अगदी वरचा हात, एवढंच येतं.

ताज्या चुन्यावर लावला की चिकाचे कण धरतात, दाणेदार होतो. रबरी हातमोजे करताना साचा आधी कॅल्शियमच्या क्षारात बुडवतात, ते याचसाठी, म्हणजे चीक साच्यावर पटकन गोठतो. जुन्या, हवा खाल्लेल्या चुन्यावर हा त्रास नाही. खोलीतला चुना सगळा जुना. काकांना बजावून ठेवलं की जाता जाता हौसेने कुणी भिंतींना चुना मारू नका.

जमिनीवरही एक तुकडा करून पाहिला. शेणाचा पापुद्रा अख्खा उचलून आला, त्यात गवताच्या काड्या, दिसायला फार देखणा. शीला गौडा मुळात चित्रकार, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेणाकडे वळल्या आणि पुढे धागा, सुया, कुंकू, केस असं सगळं त्यांच्या कामात आलं. त्यामुळे मोह झाला. पण जमीन मी घेणार नाही. ती सारवली की नवी होते, मागचं काही ठेवत नाही. भिंतीला वर्षातून एखादाच हात, त्यातही काजळीच्या जागी बहुधा कुणी मारलेलाच नाही.

२० डिसेंबर

दक्षिणेची भिंत सुरू. पेज, कापड, पातळ चीक. दुसऱ्या दिवशी घट्ट चिकाचा हात, मग रोज एक. ओला असताना पांढरा, वाळत जाईल तसा पारदर्शक पिवळट. रंग पालटला म्हणजे पाणी गेलं, दुसरा हात द्यायला हरकत नाही. दारात पंखा लावला आहे, पण थेट भिंतीवर नाही. वरून पटकन वाळला तर आतलं पाणी अडकतं आणि फोड येतात.

ब्रश प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्यात बुडवून मग चिकात घालायचा, नाहीतर केसांत रबर धरतं आणि ब्रश फेकावा लागतो.

२ जानेवारी २०२५

दक्षिणेची साल काढली. दोघीजणी लागलो, मी आणि गावातली एक मुलगी जी पुढच्या वर्षी कला शाळेत जाणार म्हणते. वरच्या कडेने सुरुवात, सुटलेल्या भागावर लगेच टाल्कम पावडर, कारण ताजं रबर स्वतःलाच चिकटलं की ते वेगळं करणं म्हणजे रडणं. खाली येईतो सालीचं वजन जाणवायला लागलं. काजळीच्या पट्ट्याशी ती अडली, थोडी ओल दिली, मग सुटली.

उलटी करून ओटीवर पसरली आणि बसून पाहिली.

वरचा निम्मा भाग जवळजवळ कोरा. पांढुरका चुना, पालीची दोन अंडी चिकटलेली होती त्यांच्या गोल खुणा, कोळिष्टकं. जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांच्या खाली सगळं. तिथे काजळी सुरू होते आणि खाली खाली दाट होत जाते. काजळीत एक मोठा, कडा नसलेला, तुकतुकीत डाग आहे, बाजेवर उठून बसल्यावर पाठ आणि डोकं टेकतं तिथे. तेल लावून न्हाऊ घातलेल्या बायकांच्या पाठींचं तेल. त्या जागी चीक नीट धरलाच नाही, म्हणून साल तिथे पातळ आहे आणि उजेडासमोर धरली की जास्त उजळते.

डागाच्या डावीकडे, बाजेच्या पातळीपासून हातभर वर, पांढऱ्या रेघोट्यांचा थवा. प्रत्येक बोटाच्या रुंदीची, दोन-तीन इंच लांब, वरून दाट आणि खाली विरत गेलेली. काही एकमेकींवर. काजळीवर बसल्या होत्या म्हणून अख्ख्या निघून आल्या आहेत, बोटाच्या कातडीच्या बारीक रेषाही काही ठिकाणी दिसतात. भिंगाने पाहिल्या. एका रेघोटीत मधे एक कोरी चीर आहे, बोटावर जखम किंवा वळ असावा.

मी काय काय समजून बसले होते ते लिहीत नाही.

३ जानेवारी

आत्याला साल दाखवली. ती अठ्ठ्याहत्तरची, माहेरी पहिल्या बाळंतपणाला आली ती याच खोलीत होती. चष्मा पुसून वाकून पाहिलं आणि हसायलाच लागली.

"ता काय चित्र नाय गो. चुनो तो. पानाक लावलेलो जास्त झालो तर बोट खय पुसूचा? भितीक."

बाळंतिणीला जेवणानंतर विडा देतात, त्यात ओवा, बडीशेप, बाळंतशोपा, आणि चुना लागतोच. पान तिने आडवं पडूनच खायचं. जास्तीचा चुना बोटाने भिंतीला. इतकंच. मग आत्या बराच वेळ बोलत बसली. शेगडीचा शेक, धुरीने चुरचुरणारे डोळे, सहाव्या रात्री सटवाईसाठी ठेवलेला कोरा कागद आणि बोरू. पाटा-वरवंट्याला लावलेलं कुंकू. कावळा शिवलेल्या बायकाही याच खोलीत बसत, तेव्हा विडा नसे, शेगडी नसे, फक्त चटई. "तेंव्हा भितीक टेकाक पण मन होयना," म्हणाली. का, ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

उठताना एकच प्रश्न: "ह्या लोकांका दाखवतलंस? खयची बाजू दिसतली?"

१५ जानेवारी

संक्रांत झाली. पूर्वेची आणि पश्चिमेची भिंत निघाली. पूर्वेला झरोक्याखाली पावसाच्या ओघळांच्या रेषा, बाकी विशेष नाही. पश्चिमेला दार, दाराच्या चौकटीवर हळदीकुंकवाची बोटं आणि उंबऱ्याच्या वर हात टेकून वाकायची जागा गुळगुळीत. दाराची साल वेगळी काढली, ती सर्वांत जाड आहे कारण लाकडाने पेज पिऊन टाकली आणि मला एक हात जादा द्यावा लागला.

२४ जानेवारी

उत्तरेची भिंत, म्हणजे मोरी. इथे वेगळीच गोष्ट निघाली.

मोरीच्या कोपऱ्यात तांब्याचं घंगाळ असायचं. त्याची कड भिंतीला टेकत होती तिथे हिरव्या गंजाची अर्धगोल रेघ आहे, खाली ओघळलेली. तांबं रबराचा शत्रू. तांब्याचा अगदी थोडा अंश असला तरी रबर हवेतल्या ऑक्सिजनने फार लवकर कुजतं, आधी चिकट होतं मग विरतं. चीक कधी तांब्या-पितळेच्या भांड्यात काढत नाहीत ते म्हणूनच.

दोन पर्याय. हिरवी रेघ आधी खरवडून काढायची, किंवा आहे तशी सालीत येऊ द्यायची. वर रासायनिक अडसर लावता येतो, असं पुण्यातल्या एका संवर्धनवाल्या मैत्रिणीने फोनवर सांगितलं, पण त्याने हिरवा रंगही मरतो. मी येऊ द्यायचं ठरवलं. साल जिथून आधी जाईल ती जागा न्हाणीची, जिथे दर बाईने अंगावरून पहिलं कडकडीत पाणी घेतलं. ती जागा मी निवडलेली नाही, भिंतीने निवडली, आणि मला ते मान्य आहे.

मैत्रिणीला मान्य नाही. तिचा धंदाच आहे तो.

५ फेब्रुवारी

टिकण्याचा विषय निघालाच आहे तर लिहून टाकते. नैसर्गिक रबर उजेडाने, हवेने तपकिरी आणि कडक होतं. अमेरिकन शिल्पकर्ती एव्हा हेस यांनी साठच्या दशकाच्या शेवटी चीक आणि फायबरग्लास घेऊन जे काम केलं, त्यातलं बरंच आज मूळ रंगाचं आणि मूळ लवचीकपणाचं राहिलेलं नाही. त्यांचं १९६९ चं 'एक्स्पांडेड एक्स्पान्शन' म्हणजे चिकात भिजवलेल्या पातळ कापडाचे पट्टे, फायबरग्लासच्या खांबांमधून लोंबणारे, माणसापेक्षा उंच. ते न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने तीसेक वर्षं दाखवलंच नाही, मग दुरुस्ती करून २०२२ मध्ये पुन्हा उभं केलं, कडक आणि काळपट झालेलं. हेस १९७० मध्ये चौतिसाव्या वर्षी गेल्या. आपलं साहित्य टिकणारं नाही हे त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना थोडं अपराधी वाटे, विकत घेणाऱ्यांपुरतं.

मला विकत घेणाऱ्याची चिंता अजून करावी लागलेली नाही.

शिल्पकर्ती मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) आठवल्या. जन्म मुंबईचा, शिक्षण बडोद्याचं. अंबाडी-तागाच्या दोऱ्यांच्या गाठी मारून मारून त्यांनी वनदेवता उभ्या केल्या. धागा म्हणजे धूळ, कसर, ओल, तरीही ती कामं वयात येत गेली. रंग उतरला तरी गाठ गाठच राहते. रबराला ती सोय नाही.

१८ फेब्रुवारी

हे काम जिथे दाखवायचं आहे त्या मुंबईच्या कलादालनाकडून निरोप आणि नकाशा. त्यांना चारही साली छतापासून टांगायच्या आहेत, मधे वाट, वरून दिव्यांचे झोत, खालची कड जमिनीपासून दीड-दोन फूट वर "तरंगती". मजकुरात 'स्त्रीत्वाचा उत्सव' असे शब्द आहेत. ते आधी खोडले.

मग उंची. दालनांत चित्र लावताना त्याचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेवतात, उभ्या माणसाच्या डोळ्याच्या रेषेत. त्या नियमाने साली लावल्या तर लोकांना काय दिसेल? पालीच्या अंड्यांच्या खुणा. आणि दीड फूट वर उचलून लावल्या तर चुन्याची बोटं छातीशी येतील, जिथे कुणीच कधी बोट पुसलेलं नाही. या खोलीत जी बाई होती ती उभी नव्हती. ती आडवी होती किंवा बसलेली होती, महिना-सव्वा महिना. सगळा मळ तिच्या हाताच्या टप्प्यात आहे. उभं राहून ही खोली दिसतच नाही.

शिल्पकर्ती भारती खेर यांच्या 'सिक्स विमेन'मध्ये कोलकात्याच्या वेश्यावस्तीतल्या सहा बायकांचे प्लास्टरमधले साचे आहेत, सगळ्या बसलेल्या. हात मांडीवर, पोट सुटलेलं. काहीही पोझ नाही. बसलेल्या शरीराला शिल्पकलेत जागा कमी, म्हणजे देवांना आणि राजांना भरपूर, पण थकून बसलेल्यांना कमी.

दालनाला कळवलं: साली जमिनीला टेकतील. बघणारा बसेल. मधे पाट ठेवायचे.

उत्तर आलं की गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांचं काय. रास्त प्रश्न आहे. आत्यालाच पाटावर बसता येत नाही. दोन बुटकी स्टुलं आणि एक बाज ठेवू. खाटेवर पडून पाहिलं तर उत्तमच, पण मुंबईत कुणी पडेल असं वाटत नाही.

२७ फेब्रुवारी

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर आज सापडलं, आणि ते भूमितीत निघालं.

सालीला दोन बाजू. भिंतीकडची मळाची, खोलीकडची ब्रशची. खोली जशी होती तशीच साल उभी केली तर मळाची बाजू बाहेर जाते, आणि आत बसलेल्याला नुसतं गुळगुळीत रबर दिसतं. मळ आत हवा असेल तर साल उलटी करावी लागते आणि मग सगळी खोली आरशातली होते. दार उजवीकडून डावीकडे, चुन्याची बोटं पाठीच्या डागाच्या दुसऱ्या बाजूला. उजव्या हाताची बाई डावरी होते. बुखर यांच्या कामातही हे आहेच, त्यांनी साली टांगल्या, दोन्हीकडून फिरून पाहता येतात असं ठेवलं. तिथे ते खुलतं. माझ्याकडे आत्या आहे.

मांगरात, म्हणजे शेताजवळच्या खोपीत, संध्याकाळी दक्षिणेची साल बांबूवर टांगली, मळाची बाजू भिंतीकडे, आणि मागे एक दिवा सोडला. दिवा लागला आणि रबर मधासारखं पेटलं. त्यातून काजळीचा पट्टा, पाठीचा उजळ डाग, रेघोट्या, सगळं दिसायला लागलं. आतून, योग्य बाजूने, आरसा न होता. काजळीवर चुन्याचा आणखी एक थर आहे, तो जास्तीचा उजेड अडवतो, त्यामुळे बोटं आता पांढरी नाहीत, गडद आहेत. प्रकाश मागून येतोय म्हणून.

म्हणजे मळाची बाजू भिंतीकडेच राहील. दालनात आठ बाय दहाचा प्लायचा खोका बांधायचा, त्याच्या आत वीतभर जागा सोडून साली, त्या वीतभर जागेत दिवे. तिथे कुणाला जाता येणार नाही. प्रत्यक्ष मळ, कुंकू, बोटाच्या रेषा त्या फटीत राहतील, आत बसलेल्याला त्यांतून आलेला उजेड मिळेल.

आत्याला मांगरात आणलं, खुर्चीवर बसवलं. बराच वेळ पाहून म्हणाली, "आतला आत रवांदे. बरां आसा." मग विचारलं की चुन्याची ती बोटं तिचीच असतील का, का आईची. सांगता येत नाही म्हटलं.

९ मार्च

दालनवाल्यांशी लांबलचक बोलणं. त्यांचा मुद्दा: लोक मळाची बाजू पाहायला येतील आणि ती तुम्ही झाकून ठेवताय. माझा मुद्दा: खोली झाकलेलीच होती. त्यांचा मुद्दा: मग दाखवता कशाला. चांगला आहे प्रश्न. मी म्हटलं, कारण ती शिमग्यानंतर पडणार आहे आणि पडली की तिचं काहीच उरणार नाही, ना झाकलेलं ना उघडं. मी तिला उघडी न करता उरवू शकते, तर तसं का करू नये?

एक छापील फोटो लावू देईन, मळाच्या बाजूचा, चुन्याच्या बोटांचा, तळहाताएवढा. बाकी नाही. त्यावर समझोता झाला.

दार साडेचार फुटांचंच राहील. ज्यांना वाकता येत नाही किंवा जे चाकांच्या खुर्चीतून येतील त्यांच्यासाठी पूर्वेची बाजू बिजागरीवर, उघडून आत जाता येईल अशी. ही दालनाची सूचना आणि ती माझ्या नकाशापेक्षा शहाणी आहे. पूर्वेला तसंही पावसाच्या ओघळांपलीकडे काही नव्हतं.

१६ मार्च

होळी झाली. गवंडी परवा येतो. साली टाल्कम लावून, मधे सुती कापड घालून, नळीवर गुंडाळल्या. घडी घालायची नाही, घडीवर रबर चिरतं. मोरीची साल वेगळी, कागदावर 'तांबं' लिहून, म्हणजे बाकीच्यांना लागू नये.

रिकाम्या खोलीच्या भिंती आता इतक्या स्वच्छ आहेत की काका म्हणाले, गवंड्याला नको, तुलाच ठेवतो रंगाच्या कामाला.

दालनातल्या वायरमनसाठी चिठ्ठी, उद्या पाठवायची:

दिवे एलईडी पट्ट्यांचेच. हॅलोजन अजिबात नको, त्यात उष्णता आणि अतिनील किरण दोन्ही. पट्टी सालीपासून किमान चार इंच दूर. दक्षिणेला पट्टी जमिनीपासून दोन फुटांवर आडवी, वर काही नको, वर अंधारच हवा. पश्चिमेला दाराच्या बाजूंना उभी, तीन फुटांपर्यंत. पूर्वेला एक छोटा दिवा, झरोक्याच्या जागी, सकाळच्या वेळेपुरता, टायमरवर. उत्तरेला, मोरीच्या कोपऱ्यात, दिवा नाही. त्या कोपऱ्यात प्लायला वरून एक भोक ठेवा, दर आठवड्याला हात घालून साल चिकट झाली आहे का ते पाहायचं आहे. दालन बंद असताना सगळे दिवे बंद, विसरू नये.

बाज इथूनच आणते. तिची सुंभाची दोरी सैल झाली आहे, ती इथल्याच कुणाकडून ओढून घ्यायला हवी, मुंबईत ते करणारं माणूस मिळणार नाही.